दाक्कार्ना क्लबचा डाकर रॅलीशी संबंध नाही आणि ब्रेक नसणं म्हणजे वेडेपणाही नाही

मातीच्या लंबगोल ट्रॅकवर चार मोटारसायकली आडव्या होऊन धुरळा उडवत वळतायत, असा स्पीडवे या शर्यतीचा एक व्हिडिओ सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्याखालचा मजकूर थोडक्यात असा: ‘स्वीडनमधल्या मोलिला गावचा दाक्कार्ना क्लब. डाकर रॅलीवरून नाव घेतलं. शर्यत बर्फावर असते. साध्या मोटारसायकलचे ब्रेक काढून, पेट्रोल भरून पोरं जीव द्यायला उतरतात. खेळ स्वीडनने शोधला. क्लब एका कंपनीच्या मालकीचा.’ गावाचं आणि क्लबचं नाव सोडलं तर यातलं जवळजवळ काहीच खरं नाही.

आधी नाव. डाकर रॅली ही वाळवंटातली लांब पल्ल्याची शर्यत पहिल्यांदा निघाली डिसेंबर 1978 मध्ये. दाक्कार्ना संघाने स्वीडनच्या स्पीडवे लीगचं विजेतेपद 1957, 1958 आणि 1959 असं सलग तीनदा मिळवलं होतं. रॅलीच्या वीस वर्षं आधी जिंकणारा संघ तिचं नाव कुठून घेणार? आपल्या लिपीत दोन्ही शब्द सारखे दिसतात, एवढाच काय तो संबंध. स्वीडिश भाषेत ‘-आर्ना’ किंवा ‘-एर्ना’ हा अनेकवचनी प्रत्यय आहे. दाक्कार्ना म्हणजे ‘दाक्केची माणसं’. निल्स दाक्के हा स्मोलांड प्रांतातला शेतकरी पुढारी. चढे कर, चर्चमधली चांदी जप्त करणं आणि सीमेपलीकडे बैल-लोणी विकायला बंदी, यांमुळे चिडलेले शेतकरी 1542 मध्ये त्याच्या मागे उभे राहिले आणि राजा गुस्ताव वासाच्या सैन्याशी लढले. 1543 मध्ये दाक्के मारला गेला. मोलिला त्याच प्रांतात आहे.

बाकीच्या क्लबांची नावंही अशीच मातीतून आलेली. एस्किल्स्टुना हे लोखंडकामाचं शहर, तिथला क्लब स्मेदेर्ना, म्हणजे लोहार. आवेस्टाचा मासार्ना, कारण दालार्ना भागातल्या माणसाला ‘मास’ म्हणतात. नॉरशॉपिंगचा वार्गार्ना म्हणजे लांडगे. ही नावं जाहिरात कंपनीने बसून काढलेली नाहीत.

बर्फाचं म्हणाल तर ती आइस स्पीडवे, वेगळी शर्यत. तिच्या टायरना लांब लोखंडी खिळे असतात. व्हिडिओतल्या टायरना एकही खिळा नाही, आणि उडतेय ती दगडाची बारीक चुरी. हंगाम वसंतापासून शरदापर्यंत चालतो. शिवाय गाव निवडताना तरी पाहायला हवं होतं: स्वीडनमधलं आजवरचं सर्वाधिक तापमान, 38 अंश सेल्सिअस, 29 जून 1947 रोजी मोलिलातच नोंदलं गेलं, आणि गावात 15 मीटर उंचीचा थर्मामीटर उभा आहे.

आता ब्रेक. ते कोणी काढलेले नाहीत, या गाडीला ते मुळात लावतच नाहीत. नियमच तसा आहे. चार गाड्या हातभर अंतराने वळणात शिरतात. पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर मागच्याला बाजूला व्हायला ना वेळ असतो ना जागा. म्हणून वेग कमी करायचा तो अ‍ॅक्सिलरेटर सोडून आणि गाडी आडवी टाकून. मागचं चाक बाहेर घसरतं, चुरी खरवडतं आणि त्या घर्षणात वेग जातो. हँडल उजवीकडे वळलेलं, गाडी मात्र डावीकडे जाते. डाव्या बुटाखाली पोलादी तळवा बांधलेला असतो, तो जमिनीवर टेकवून तोल सांभाळायचा. स्वाराच्या मनगटापासून इग्निशनपर्यंत एक दोरी असते. स्वार पडला की ती निसटते आणि इंजिन बंद होतं. वळणांवर हवा भरलेलं कुंपण असतं. धोका आहेच, हाडं मोडतात, जीवही गेले आहेत. पण ‘जीव द्यायला उतरतात’ म्हणणं हा त्या कौशल्याचा अपमान आहे.

गाडी ‘साधी’ही नाही. चार स्ट्रोक, एक सिलिंडर, 500 सीसी, आणि किमान वजन 77 किलो. तेवढ्याच सीसीची बुलेट दोनशे किलोच्या घरात जाते. मागे शॉकअप नाहीत, शर्यतीत बदलायला गिअर नाहीत. वेगाचं गणित मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे साखळी फिरते त्या चक्राच्या, दातांवर ठरतं. जास्त दातांचं लावलं तर उठाव चांगला मिळतो, पण ट्रॅक निसरडा असेल तर सुरुवातीलाच चाक जागेवर फिरतं आणि सरळ भागात इंजिनचा दम संपतो. कमी दातांचं लावलं तर सुरुवातीच्या रेषेवरची फीत वर जाताच बाकीचे पुढे निघून जातात. म्हणून पाणी मारल्यावर किंवा ट्रॅक सुकल्यावर दोन शर्यतींच्या मध्ये स्प्रॉकेट बदलताना मेकॅनिक दिसतात.

इंधन मिथेनॉल. एक किलो पेट्रोल जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, मिथेनॉलला 6.4 किलो. म्हणजे तेवढ्याच हवेला दुपटीहून जास्त इंधन, आणि त्यासाठी कार्बोरेटरचे जेट, म्हणजे इंधन जाण्याची भोकं, मोठे. त्या जेटवर पेट्रोल घातलं तर मिश्रण इतकं जाड होतं की इंजिन धड पेटतच नाही. जेट लहान करून पेट्रोल चालवलं, तर या इंजिनचं कॉम्प्रेशन त्याला झेपत नाही; नॉकिंग होऊन, म्हणजे इंधन अवेळी भडकून, पिस्टनला भोक पडू शकतं. मिथेनॉलची वाफ होताना ते बरीच उष्णता ओढून घेतं, त्यामुळे एवढं तापणारं इंजिन तगतं. त्याचे तोटेही आहेत. ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, म्हणून पिटमध्ये, जिथे गाड्या तयार करतात तिथे, आगीबाबत फार सावध राहावं लागतं. ते हवेतला ओलावा शोषतं आणि अ‍ॅल्युमिनियम खातं, म्हणून सामना संपला की कार्बोरेटर रिकामा करून थोड्या पेट्रोलने धुऊन काढतात. पेट्रोलचा संबंध असेल तर एवढाच.

खेळ स्वीडनने शोधलेला नाही. त्याची सुरुवात 1923 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंडला झाली असं सहसा मानतात. 1928 मध्ये लंडनजवळ हाय बीचला मोठी शर्यत झाली, 1936 मध्ये वेम्ब्लीवर पहिलं जागतिक अजिंक्यपद. स्वीडिश लीग 1948 ची. स्वीडनमधल्या ट्रानोसचा ओवे फुंडिन 1956 मध्ये जगज्जेता झाला आणि पुढे आणखी चारदा.

मालकीबद्दल एकच सांगतो. स्वीडिश क्रीडा महासंघाच्या नियमाप्रमाणे संघासाठी कंपनी काढली तरी मतांचं बहुमत सभासदांच्या संस्थेकडेच राहावं लागतं. प्रायोजकाचं नाव जर्सीवर येतं, म्हणून क्लब त्याचा होत नाही. सुमारे दीड हजार वस्तीच्या गावात तिकीट खिडकीपासून ट्रॅक सपाट करण्यापर्यंतची कामं बरीचशी स्वयंसेवक करतात.

राहिला व्हिडिओतला तो क्षण, जिथे पुढचा स्वार मान वळवून मागे बघतो आणि खाली लिहिलंय, ‘हरणाऱ्याला चिडवतोय’. लीगच्या सामन्यातल्या प्रत्येक हीटमध्ये, म्हणजे एकेका छोट्या शर्यतीत, दोन्ही संघांचे दोन-दोन स्वार असतात आणि गुण मिळतात 3, 2, 1, 0. पहिले दोन क्रमांक एकाच संघाचे आले तर 5-1. 15 हीटमध्ये एकूण 90 गुण, म्हणजे सामना जिंकायला 46. तो स्वार मागे बघतोय तो आपला जोडीदार कुठे आहे ते. जोडीदार आतून येत असेल तर स्वतः बाहेरची रेघ धरून प्रतिस्पर्ध्याची वाट अडवायची, थोडा वेग गेला तरी चालेल.