सा हलता कामा नये: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुम्ही लिहिलंय की चाळीस वर्षं मांडीवर हवाईयन गिटार वाजवताय, त्यामुळे काका म्हटलेलं चालेल असं धरते. तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, हे खरं सांगते. तिसऱ्यांदा वाचली तेव्हा त्यातला एक मुद्दा मनापासून पटला. उत्तर लांबलं, म्हणून खाली न लिहिता वेगळं टाकतेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी स्टील गिटारच्या अधिवेशनांबद्दल, म्हणजे वादक आणि कारागीर जमतात त्या मेळाव्यांबद्दल, लिहिलं होतं. पेडल स्टील, म्हणजे पायाने दाबायची पेडलं असलेली स्टील गिटार, घ्यायची असेल तर आधी अधिवेशनाला जा, लाजू नका, दिसेल त्या प्रत्येक वाद्यावर बसून बघा, असा सल्ला दिला होता. त्यावर काकांचं म्हणणं असं, की पंधरा मिनिटांत वाद्य कळत नसतं, ते रियाजाने कळतं. गिटारवर रागसंगीत वाजवणारे पंडित ब्रिजभूषण काब्रा काही दहा गिटारी चाळत बसले नव्हते. मिरजेला तंबोरा घ्यायला गेलं की कारागीर देईल तो डोळे मिटून घ्यायचा, ही आपली रीत. आणि घ्यायचं नसताना लोकांच्या वाद्यांवर तासन्‌तास बसणं ही फुकटेगिरी आहे. शेवटी काकांनी विचारलंय, ह्यूस्टनला नातू आहे, त्याला पेडल स्टील घ्यायचीय, त्याला काय सांगू?

काका, तुमचं वाद्य आणि माझं वाद्य एकाच घरातलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाईमध्ये जोसेफ केकुकू यांनी तारांवर लोखंडाचा तुकडा सरकवला, तिथून दोन्ही निघाली. पण तुमची गिटार मांडीवर असते. उंची जमली नाही तर तुम्ही खुर्ची बदलता, पाय जरा पुढे घेता, झालं. पेडल स्टील चार पायांवर उभी असते. दहा तारा, खाली तीन पेडलं, आणि दोन्ही गुडघ्यांच्या आजूबाजूला मिळून चार-पाच लिव्हर. पेडल दाबलं किंवा गुडघ्याने लिव्हर ढकलली की ठरलेल्या तारांचा स्वर बदलतो. डावा पाय पेडलांवर, उजवा पाय आवाजाच्या पेडलवर, गुडघे डावी-उजवीकडे, शिवाय हातात बार आणि नख्या. सगळं अंग त्या वाद्यात अडकलेलं असतं. इथे अर्ध्या इंचाचा फरक पडला तरी गुडघा लिव्हरपर्यंत पोचत नाही.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, भोगलेलं आहे. माझी उंची पाच फूट एक इंच. पहिली पेडल स्टील मी न बघता, दुसऱ्या राज्यातल्या एका विक्रेत्याकडून फोनवर घेतली. त्याने रंग विचारला, पेडलं किती हवीत विचारलं, पैसे कसे देणार ते विचारलं. उंची विचारली नाही. आणि ती सांगायची असते हे मला माहीत नव्हतं. वाद्य उत्तम होतं, आवाज गोड होता. पण पेडलावर पाऊल नीट पडावं म्हणून मला बाकाच्या अगदी कडेवर येऊन बसावं लागायचं. तसं बसलं की उजव्या गुडघ्याची लिव्हर लांब पडायची, आणि ती गाठायला जावं तर उजवी टाच हलून मधेच आवाज खालीवर व्हायचा. मला वाटायचं, रियाज कमी पडतोय. मी रियाज वाढवला. जसा रियाज वाढला तशी कंबर धरली. नऊ महिने हे चाललं. त्या नऊ महिन्यांत कितीतरी वेळा वाटलं की हे वाद्य आपल्यासाठी नाहीच.

मार्चमध्ये डॅलसला टेक्सास स्टील गिटार असोसिएशनचा मेळावा असतो, तिथे गेले. हॉटेलचं मोठं दालन, एकाला लागून एक टेबलं, आणि प्रत्येक वाद्यावर कोणीतरी बसलेलं. एका म्हाताऱ्या कारागिराच्या समोर मी उभी राहिले. मी बसले, आणि त्याने मला वाजवूच दिलं नाही. आधी माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. मग खाली बसला आणि वाद्याचे पाय आत सरकवून आखूड केले. नुसते पाय आखूड करून भागत नाही. वाद्याचं शरीर खाली आलं की पेडलांच्या दांड्या लांब पडतात आणि पेडलं खालीच दबून राहतात. म्हणून त्याने पेटीतून आखूड दांड्यांचा दुसरा संच काढला आणि एकेक करून तिन्ही बदलल्या. माझ्यामागे दोघं-तिघं खोळंबले होते, तरी त्याने घाई केली नाही. मग म्हणाला, आता तारांना हात लावू नकोस, फक्त गुडघे हलव. मी गुडघा उजवीकडे नेला, लिव्हर तिथेच होती. डावीकडे नेला, तिथेही होती. टाच जागची हलली नाही. वाद्यातून एक स्वरही निघाला नव्हता आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण नऊ महिने दोष माझा नव्हता हे मला तेव्हा कळलं.

पंधरा मिनिटांत वाद्य कळत नाही, हे तुमचं बरोबर आहे. पण ते आपल्याला होतंय की नाही, हे पंधरा मिनिटांत कळतं. मी लेखात या दोन गोष्टींची गल्लत केली, ती दुरुस्त करते.

आवाजाचं तर तिथे काहीच ठरवू नये. पन्नास माणसं एकाच वेळी वाजवत असतात, कान लावून ऐकलं तरी शेजारच्याचं ऐकू येतं. आवाज व्हिडिओवरही ऐकता येतो, आणि पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) नंतर बदलता येतो. तिथे बघायचं ते यंत्र. त्यातली एक चाचणी सांगते, ती तुम्हाला लगेच कळेल, कारण ती आपल्या कानाची आहे.

पेडल स्टीलची रूढ जुळणी ई नाइन. मोकळ्या तारांत ई, जी शार्प आणि बी सापडतात. ई ला सा धरा, म्हणजे सा, ग, प. आता पहिलं आणि दुसरं पेडल एकत्र दाबलं की प चा ध होतो आणि ग चा म होतो. सा जिथल्या तिथे राहतो. सा-ग-प चं सा-म-ध झालं, बार न हलवता. 1954 साली अमेरिकन कंट्री गायक वेब पिअर्स यांचं एक गाणं गाजलं, त्यात स्टील वादक बड आयझॅक्स यांनी स्वर वाजत असतानाच पेडल दाबलं आणि एक तार स्थिर राहून दुसरी चढत गेली. ती मींड ऐकून लोक वेडे झाले. मांडीवरच्या गिटारीत बार सरकवला की सगळ्याच तारा सरकतात, हे तुम्हाला मी काय सांगावं.

पण तारा ताणल्या गेल्या की वाद्याचं शरीर किंचित वाकतं. आणि शरीर वाकलं की ज्या तारेला हात लावायचा नव्हता, तो सा थोडा उतरतो. म्हणून बसल्यावर मी आधी चौथी तार एकटी छेडते, ट्यूनरवर काटा बघते, मग दोन्ही पेडलं दाबून पुन्हा छेडते. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले दोन-तीन भाग काटा खाली आला तरी चालतं. सात-आठ आला तर मी उठते. बाकीच्यांना ते कदाचित जाणवणार नाही. पण लहानपणापासून तंबोऱ्याखाली बसलेल्या माणसाला सा हललेला सहन होत नाही. (इथले जाणते वादकही ग जरा खालीच लावतात, पियानोच्या पट्टीपेक्षा खाली, आपल्या शुद्ध गंधाराच्या जवळ. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं होतं.)

दुसरी गोष्ट बघायची ती दुसऱ्या तारेच्या लिव्हरची. ती तार आधी अर्धा स्वर उतरते आणि आणखी दाबली की पुढे उतरते. मधल्या थांब्यावर गुडघ्याला एक बारीकसा अडथळा जाणवायला हवा. तो कुठे कसा जाणवतो, हे कोणीही शब्दांत सांगू शकत नाही. एखाद्याच्या वाद्यावर तो इतका कडक असतो की पुढे जायला जोर लागतो, एखाद्यावर इतका मऊ की कधी ओलांडला ते कळतही नाही. स्वतःचा गुडघा लावूनच बघावा लागतो.

पेडलांच्या क्रमाचंही तसंच. बडी एमन्स यांची मांडणी एक, जिमी डे यांची बरोबर उलटी. दोघेही थोर वादक, दोन्ही मांडण्या चालतात. मी एमन्सवाली. एकदा न विचारता डे मांडणीच्या वाद्यावर बसले आणि पाय डावीकडे गेला तो भलत्याच स्वरावर. नातवाने अजून सुरुवात केली नसेल तर त्याला हा निर्णय आधी घ्यावा लागेल, आणि दोन्हींवर बसल्याशिवाय घोटा कुठे सहज वळतो ते त्याला कळणार नाही.

आता काब्रांबद्दल. त्यांचं नाव तुम्ही काढलंत म्हणून बरं वाटलं. त्यांनी बाजारात वाद्यं चाळली नाहीत हे खरं. पण हाती आलेली गिटार त्यांनी तशीच ठेवली का? गिब्सनची सुपर 400, म्हणजे जॅझवाल्यांची गिटार. तिच्या तारा उचलून धरायला त्यांनी वरची घोडी उंच केली, सुरासाठी वेगळी तार बसवली आणि मग त्यावर अली अकबर खाँसाहेबांकडे शिकलेली आलापी मांडली. वाद्य अंगाला आणि गाण्याला बेतून घेतलं ना त्यांनी? मी नेमकं तेच म्हणतेय. फरक इतकाच की पेडल स्टीलमध्ये खाली दांड्या, खटके आणि कप्प्यांचं जंगल असतं, ते घरी बसून बेतता येत नाही. ते करून घ्यायचं तर कारागिरासमोर बसावं लागतं.

आणि मिरज. काका, मी मिरजेला गेलेय. अकरा-बारा वर्षांची होते, आत्याला तंबोरा घ्यायचा होता. सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानात आम्ही अख्खी दुपार होतो. तिथल्या चाचांनी आत्याला पहिला प्रश्न काय विचारला माहितेय? कोणत्या पट्टीत गाता? आत्या म्हणाली, काळी चार. मग पुरुषांच्या जुळणीचे मोठे तंबोरे त्यांनी दाखवलेच नाहीत. बायकांचा लहान तंबोरा काढला, तिला मांडी घालून बसवलं, भोपळा कुठे टेकतोय ते बघितलं, आणि मग घोडीवर तारेखाली दोरा सरकवत जवारी लावत बसले. दोरा केसभर पुढे, केसभर मागे, आणि प्रत्येक वेळी म्हणायचे, गा. आत्या सा लावायची. ते मान हलवायचे, पुन्हा दोरा सरकवायचे. डोळे मिटून घेतला असं तुम्ही म्हणता, पण त्या दुपारी आत्याचे डोळे मिटलेले होते ते गाताना. चाचांचे कान उघडे होते. डॅलसच्या त्या म्हाताऱ्याने माझे गुडघे बघितले तेव्हा मला मिरजेचे चाचाच आठवले. ही रीत आपलीच आहे, आणि ती तिथेही आहे.

फुकटेगिरीचा मुद्दा मात्र मी मान्य करते. ‘दिसेल त्या वाद्यावर बसा’ हे मी बेफिकीरपणे लिहिलं. तसं लिहायला नको होतं. त्या टेबलामागचा माणूस बहुतेक वेळा एकटा असतो, वाद्य त्याने स्वतःच्या हाताने घडवलेलं असतं आणि वर्षातले हे तीन दिवस त्याचे विक्रीचे. तेव्हा विचारल्याशिवाय बसू नये. स्वतःचा बार आणि नख्या न्याव्यात. तारा जुळवायला किल्लीला हात लावू नये, बिघडल्यासारखं वाटलं तर सांगावं. मागे कोणी उभं राहिलं की उठावं. आणि पलीकडे मंचावर कोणी वाजवत असेल तर हात आवरावा. घ्यायचं नसेल तर तसं सरळ बोलावं, ते लोक मनाला लावून घेत नाहीत.

कारण हेही आहे की त्यांनाही वाजवणारी माणसं समोर हवी असतात. सेंट लुईसला डीविट स्कॉट यांनी वर्षानुवर्षं लेबर डेच्या (सप्टेंबरच्या सुरुवातीच्या सुट्टीच्या) सुमारास जे अधिवेशन भरवलं, तिथे घडवणारे आणि वाजवणारे एकाच छताखाली यायचे. या वाद्यात ते दोघं मुळात वेगळे नव्हतेच. बडी एमन्स यांनी 1957 च्या सुमारास शॉट जॅक्सन यांच्याबरोबर शो-बड ही पेडल स्टील बनवणारी कंपनी सुरू केली आणि पुढे स्वतःच्या नावाची कंपनी काढली, ती वाजवताना जे खुपत होतं ते सुधारण्यासाठी. वादकाचा गुडघा कुठे अडतो हे कारागिराला समजलं नसतं तर आजची पेडल स्टील झालीच नसती.

आता नातवाचं. नवं वाद्य मागवलं तर ते काही हजार डॉलरला पडतं, महिनोन्‌महिने थांबावं लागतं, आणि त्याच्या मापाने बनवलेलं परत कोणी घेत नाही. म्हणून ह्यूस्टनहून डॅलस गाडीने चार तास, ते त्याला जड नाही. पुढच्या मेळाव्याची तारीख बघून त्याने यावं. येताना आगाऊ पैसे कोणाला देऊन येऊ नये. उंची आणि बसल्यावर जमिनीपासून गुडघ्यापर्यंतचं अंतर मोजून कागदावर लिहून आणावं. आणि घरी ज्या बुटांनी वाजवणार तेच बूट घालून यावं, कारण टाच अर्धा इंच उंच झाली की गुडघा वर येतो आणि सगळं माप चुकतं. मी तिथे असेन. त्याला म्हणावं, आधी गुडघे हलवून बघू, तारांना मग हात लावू.