पळी बिशपांची, हिशेब आपला

आपण कधी काळी ब्रिटनचे मंत्री झालात आणि गरिबांच्या भत्त्यांना कात्री लावण्याचे पुण्यकर्म आपल्या वाट्याला आले, तर विरोधी पक्षाची फारशी धास्ती बाळगू नये. तोही मतदारांना आपल्याइतकाच भिऊन असतो. धास्ती बाळगावी ती बिशपांची. चर्च ऑफ इंग्लंडचे २६ बिशप संसदेतल्या उमरावांच्या सभागृहात पदसिद्ध बसतात, त्यांना मते मागत हिंडावे लागत नाही, आणि ज्या वस्त्यांत आपल्या खात्याचे वरिष्ठ सहसा फिरकत नाहीत तिथे त्यांचे पाद्री बिऱ्हाड करून राहतात. अशा माणसांना तक्ते दाखवून गप्प बसवता येत नाही.

तरीही घाबरून जाण्याचे कारण नाही. जानेवारी २०१२ मध्ये एका कुटुंबाला वर्षाकाठी मिळणाऱ्या एकूण मदतीवर २६,००० पौंडांची मर्यादा घालण्याचे विधेयक आले, तेव्हा रिपन व लीड्सचे बिशप जॉन पॅकर यांनी मुलांचा भत्ता तरी त्यातून वगळावा अशी दुरुस्ती मांडली आणि ती २५२ विरुद्ध २३७ मतांनी मंजूरही झाली. मंत्र्यांनी काय केले? कॉमन्स या लोकनियुक्त सभागृहातल्या बहुमताने ती दुरुस्ती फेटाळून लावली आणि हा पैशाचा मामला असल्याने उमरावांनी त्यात हट्ट धरू नये, असे कारण जोडले. पोरांच्या तोंडचा घास हा पैशाचा मामला ठरला की तो नीतीचा उरत नाही, ही सोय ध्यानात ठेवावी. शिवाय अशा प्रसंगासाठी एखादे निवृत्त आर्चबिशप हाताशी असावेत. त्या वेळी जॉर्ज केरी यांनी वृत्तपत्रात लेख लिहून आपल्याच बिशपांना चार शब्द सुनावले आणि सरकारचे निम्मे काम फुकटात झाले.

धर्मवचनांचा वापर मात्र जपून करावा. १९८८ च्या मे महिन्यात पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी एडिंबरोत चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेपुढे संत पौलाचे वचन ऐकवले, की जो काम करणार नाही त्याने खाऊही नये. वचन उत्तम आहे. फक्त पौलाच्या मूळ पत्रात काम करण्याची ‘इच्छा’ नसलेल्याविषयी लिहिले आहे, तेवढा एक शब्द भराभर उच्चारावा, म्हणजे काम न मिळालेला आणि काम न होणारा हे दोघेही त्यात आपोआप बसतात. त्या सभेच्या अध्यक्षांनी थॅचरबाईंचे आभार मानले आणि घरांची टंचाई व गरिबी यांवरचे चर्चचे अहवाल त्यांच्या हाती ठेवले. अशी भेट हसतमुखाने घ्यावी, उघडू नये.

चर्च नेहमीच गरिबांच्या बाजूने उभे राहिले, असे कोणी म्हणालेच तर १८३४ चा दाखला द्यावा. नवरा, बायको आणि मुले यांना वेगवेगळ्या दालनांत कोंडणारी वर्कहाउसे (मदतीच्या बदल्यात गरिबांना राबवणारी घरे) ज्या कायद्याने देशभर रुजवली, त्याची शिफारस करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष होते लंडनचे बिशप ब्लोमफील्ड. दुसरा दाखला २०१३ चा. आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी वोंगा या सावकारी कंपनीला स्पर्धेच्या जोरावर बाजारातून हद्दपार करण्याचा विडा उचलला, आणि लगेच उघड झाले की चर्चचेच सुमारे ७५,००० पौंड आडवाटेने त्या कंपनीत गुंतलेले आहेत. फजिती व्हायलाच हवी होती. पण वेल्बींनी लाज वाटत असल्याचे उघडपणे कबूल केले. हा वाईट पायंडा आहे, मंत्र्यांनी त्याचे अनुकरण करू नये.

कॅथलिकांकडेही लक्ष असू द्यावे. फेब्रुवारी २०१४ मध्ये, कार्डिनलपदाची वस्त्रे अंगावर चढण्यास आठवडा राहिला असताना, वेस्टमिन्स्टरचे कॅथलिक आर्चबिशप व्हिन्सेंट निकोल्स यांनी गरिबांसाठीचे किमान संरक्षणसुद्धा फाटून गेल्याचे सांगितले. पंतप्रधान कॅमेरन यांनी उत्तर दिले की आपल्या सुधारणा हेच एक नैतिक कार्य आहे. लगोलग चर्च ऑफ इंग्लंडच्या २७ बिशपांनी उपासमारीवर जाहीर पत्र लिहिले. तेव्हा उत्तर देण्याची घाई नडते, एवढे समजून असावे.

बिशपांनी बोलू नये, याचा अर्थ त्यांनी गरिबांना वाढूही नये असा मुळीच नाही. २०१३-१४ या एका वर्षात ट्रसेल ट्रस्ट या सेवाभावी संस्थेच्या फूड बँकांनी, म्हणजे फुकट शिधा देणाऱ्या केंद्रांनी, नऊ लाखांहून अधिक वेळा माणशी तीन दिवसांचा शिधा दिला, आणि त्यांतल्या कितीतरी फूड बँका चर्चच्या सभागृहांत चालतात. हे बहुतेक सगळे बिनपगारी होते. तिथे अवश्य जावे, छायाचित्र काढून घ्यावे, पाद्रीबुवांच्या पाठीवर हात ठेवावा. उभे राहताना पास्त्याच्या आणि घेवड्याच्या डब्यांमागे उभे राहावे. नुसत्या उकळत्या पाण्यावर भागेल अशा जिनसांची खोकी जिथे रचलेली असतात, त्या कोपऱ्यात नको. ती ज्यांच्या घरी चूल पेटवण्यापुरतेही पैसे नाहीत त्यांच्यासाठी निराळी भरलेली असतात, आणि ती निराळी का, हे एखाद्या वार्ताहराने विचारलेच तर पाद्रीबुवा खरे उत्तर देऊन मोकळे होतील.