तुडतुड्यांनो, अहवाल येईपर्यंत थांबा

कोकणात कीटकनाशकांवर नियंत्रण ठेवणारं कार्यालय चालवायची वेळ तुमच्यावर आली, तर आधी कामाची वाटणी करा. औषधाची नोंदणी फरिदाबादच्या केंद्रीय समितीकडे, विक्रीचा परवाना राज्याच्या कृषी खात्याकडे, फळात उरलेल्या अंशाची मर्यादा अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे, फवारणीचं वेळापत्रक दापोलीच्या विद्यापीठाकडे. प्रत्यक्ष फवारणी मात्र आंब्याच्या बागेतल्या नेपाळी गड्याकडे. वरच्यांपैकी एकाचीही त्याच्याशी गाठ पडू देऊ नका, म्हणजे कुणाचं काही चुकत नाही.

कीटकनाशक कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे. २००८ ला नवं विधेयक आलं, २०२० ला आणखी एक आलं; कायदा एकाचाही झाला नाही. म्हणून लगेच कपाटं आवरायला घेऊ नका. बंदीचंही तसंच. मे २०२० मध्ये २७ औषधांवर बंदी घालण्याचा मसुदा निघाला. त्यात आंब्यावर सर्रास मारली जाणारी डेल्टामेथ्रीन आणि डायमेथोएटही होती. २०२३ मध्ये बंदी आली ती डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिलवर. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणाला हळूहळू निरोप द्यायचं ठरलं. मसुदा जोरात काढावा, आदेश सावकाश काढावा.

खरी कला नमुन्यात आहे. मोहोर फुटला की बागायतदार येऊन सांगेल, इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के, १० लिटरला ३ मिली मोजून मारलं, तरी तुडतुड्यांची कीड झाडावर आहे तशीच. तुम्ही कृषी सेवा केंद्रात जा. नमुना घ्या, दुकानदाराला रास्त किंमत द्या, पोच घ्या. तीन भाग करून तिन्ही सील करा: एक दुकानदाराला, एक विश्लेषकाला, एक कोर्टासाठी. बॅच नंबर शक्यतो घाईत लिहा. एक आकडा इकडचा तिकडे झाला, सील पुसट उठलं, की खटला पहिल्याच तारखेला आडवा होतो आणि पुढची सगळ्यांचीच दगदग वाचते.

विश्लेषकाला अहवालासाठी ३० दिवस आहेत. तुडतुड्यांना हे कुणी कळवत नाही. तेवढ्यात ते मोहोराचा रस शोषतात, पानांवर चिकटा पडतो, त्यावर काळी बुरशी धरते, कणी, म्हणजे नुकतं धरलेलं बारीक फळ, गळते. अहवाल ‘अप्रमाणित’ आला, तर त्याला आव्हान द्यायला दुकानदाराला आणखी २८ दिवस. मग कोर्टाकडचा नमुना केंद्रीय प्रयोगशाळेत. तोवर त्या बॅचच्या बाटल्या विकून संपलेल्या असतात, आणि ज्या बागेत आंबा धरला तिथल्या पेट्या वाशीच्या बाजारात पोचलेल्या असतात.

अहवाल ‘प्रमाणित’ आला, तर फाइल बंद करा. औषध चांगलं असून तुडतुडे का मेले नाहीत, हे चुकूनही विचारू नका. इमिडाक्लोप्रिडनंतर दुकानदाराने थायामेथोक्झाम दिलं असेल. नाव नवं, डबा नवा, रसायनाचा गट तोच. पहिल्याला सरावलेली कीड दुसऱ्यालाही दाद देत नाही. त्यावर ‘सेंद्रिय टॉनिक’ची एक बाटली. त्या बाटलीत चोरून कीटकनाशक मिसळलेलं असलं तरी टॉनिक खत नियंत्रण आदेशाखाली येतं, म्हणजे तुमच्या टेबलावर नाही.

लेबल मात्र बारकाईने तपासा. तिरका ठेवलेला चौकोन, खालच्या अर्ध्यात विषारीपणानुसार लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग, आणि आकार लेबलच्या दर्शनी भागाच्या किमान सोळाव्या हिश्शाएवढा. माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि मराठीत, भिंग लावून वाचता येईल इतकं सुवाच्य. गडी नेपाळी वाचतो, ही त्याची वैयक्तिक अडचण.

संरक्षक कपड्यांचा नियमही आहे. पंचवीस फुटी कलमाखाली उभं राहून बांबूला बांधलेल्या नळीने वर फवारा मारला की निम्मं औषध खाली मारणाऱ्याच्याच अंगावर येतं. दमट हवेत दुपारी अकराला रबरी हातमोजे आणि कोट कोण घालणार? नाकाला पंचा, अंगात बनियन. तुम्ही नोंदवहीत ‘सूचना दिल्या’ असं लिहा.

राहिले रिकामे डबे. ते फोडून वस्तीपासून लांब पुरावेत, असा नियम आहे. सड्यावर, म्हणजे कोकणातल्या खडकाळ पठारावर, पहार मारली की वीतभरावर कातळ लागतो. तेव्हा डबा धुऊन कुणी पाणी भरायला घरी नेला, तर ती बाब ग्रामपंचायतीकडे वर्ग करा.