दोन तारे देणाऱ्या ग्राहकाला उत्तर: मॅच बुलेट, हरीण आणि लायसन्स

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. मुख्य तक्रारी चार आहेत. घरी काडतुसं भरायला .३०८ रायफलसाठी १६८ ग्रेन वजनाच्या मॅच बुलेट, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेच्या गोळ्या मागितल्या, तर मी १५० ग्रेनच्या सॉफ्ट पॉइंट, म्हणजे मऊ शिशाच्या टोकाच्या, अंगात फुलणाऱ्या गोळ्या गळ्यात मारल्या. काडतुसात पावडर (दारू) किती घालायची ते सांगितलं नाही. स्वतः मराठी असून काउंटरवर हंटिंग लायसन्स मागितलं. आणि गोळी लागूनही हरीण ऐंशी यार्ड पळालं. मराठीत लिहिलंत, तेव्हा उत्तरही मराठीतच देतो. टेक्ससच्या या हिल कंट्रीत पहिल्यांदा शिकारीला येणारे आपले आणखी लोक ते वाचतील.

मॅच बुलेट कपाटात होत्या आणि पेपर टार्गेटसाठी मागितल्या असत्या तर मुकाट्याने दिल्या असत्या. तुम्ही हरणासाठी म्हणालात. त्या बुलेटच्या टोकाला बारीक भोक दिसतं ते फुलण्यासाठी नसतं. तांब्याचं जॅकेट मागून पुढे ओढत आणतात, त्यामुळे टोकाशी ते उरतं. अशी गोळी अंगात शिरल्यावर काय करेल याचा भरवसा नाही. कधी सुईसारखी आरपार जाते, कधी आत जाताच तुकडे होतात. सिएरा कंपनी मॅचकिंग नावाची मॅच बुलेट बनवते आणि तीच सांगते की ती शिकारीला वापरू नका. हॉर्नडी कंपनीनेही मॅचसाठी ईएलडी मॅच आणि शिकारीसाठी ईएलडी-एक्स असे दोन वेगळे माल ठेवलेत. बनवणाराच नको म्हणतो, तिथे मी कशाला हो म्हणू?

हा धडा जुना आहे. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात चिखलाने माखलेल्या एका मूसवर (घोड्याएवढं मोठं हरीण) जॉन नॉस्लर या शिकाऱ्याच्या गोळ्या वरच्यावर फुटल्या, आत पोचल्याच नाहीत. मग त्यांनी मध्ये तांब्याचा आडपडदा असलेली पार्टिशन बुलेट काढली. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून खोल जातो. आपल्याकडचं व्हाइटटेल हरीण मूसइतकं दांडगं नसतं, त्याला पार्टिशनच हवी असं नाही. साधी सॉफ्ट पॉइंट पुरते, आणि मी दिली तीही तीच.

आता ग्रुपचं, म्हणजे टार्गेटवर गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागतात त्याचं. मित्राच्या मॅच लोडचा शंभर यार्डावर अर्ध्या इंचाचा ग्रुप येतो आणि तुमचा सव्वा इंचाचा, म्हणून माझा माल हलका असं तुम्ही लिहिलंत. हरणाच्या खांद्यामागे हृदय-फुप्फुसांची जागा आठ-नऊ इंचांची, साधारण नाश्त्याच्या ताटलीएवढी असते. फीडरवर (चारा टाकणाऱ्या यंत्रापाशी) आलेल्या हरणाला ब्लाइंडमधून (लपून बसायच्या खोपटातून) शंभर-दीडशे यार्डावरून मारताना तो पाऊण इंचाचा फरक कुठेच दिसत नाही. नेम चुकतो तो ट्रिगर हिसकल्यामुळे आणि छातीतल्या धडधडीमुळे.

ऐंशी यार्ड पळणं ही तक्रार कशी झाली ते मला कळलं नाही. दोन्ही फुप्फुसांतून गोळी गेलेलं हरीणही बरेचदा तेवढं पळतं, मग कोसळतं. रक्ताचा माग ठळक होता आणि हरीण लगेच सापडलं, हे तुमच्याच रिव्ह्यूत आहे. म्हणजे गोळी फुलली आणि पलीकडून बाहेरही पडली. यापेक्षा जास्त काय हवं?

पावडरचा आकडा मी कुणालाच तोंडी सांगत नाही, पुढेही सांगणार नाही. मित्राच्या रायफलमध्ये चाललेला लोड, म्हणजे पावडर-बुलेटचं प्रमाण, तुमच्या रायफलमध्ये प्रेशर वाढवू शकतो. ब्रास (काडतुसाची पितळी केस) बदला, प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) बदला, नाहीतर तेवढ्याच वजनाची दुसऱ्या कंपनीची बुलेट घ्या, हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो. तांब्याच्या बुलेटला तर आणखी जपायचं, कारण तांबं शिशापेक्षा हलकं. त्याच वजनाची बुलेट लांब होते आणि केसमधली जागा खाते. तुमच्याच बुलेटचं मॅन्युअल उघडा, कमाल लोडच्या दहा टक्के खालून सुरुवात करा, थोडं थोडं चढा. रायफलचा बोल्ट (मागची सरकती खीळ) जड उघडायला लागला किंवा प्रायमर चपटा दिसला की थांबा आणि खाली या. तुमच्यासाठी काडतुसं भरून विकायची, तर त्याला उत्पादकाचं वेगळं फेडरल लायसन्स लागतं. माझ्याकडे विक्रीचं आहे.

हंटिंग लायसन्स मागितल्याचा राग समजतो. पण नियम फेडरल आहे. एच-वन-बीसारख्या नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावर असलेल्याला बंदूक किंवा अ‍ॅम्युनिशन बाळगायला मनाई आहे. अपवाद मोजके, त्यातला आपल्या लोकांच्या कामाचा म्हणजे चालू हंटिंग लायसन्स. कायद्याने सुटी बुलेट, प्रायमर, पावडर हीसुद्धा अ‍ॅम्युनिशनच. (तुमचा व्हिसा कोणता हे इथे लिहिणार नाही, ग्रीन कार्डवाल्यांना हा नियम लागू नाही.) टेक्ससचं लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं. तुम्ही ऑक्टोबरात आलात आणि दाखवलंत गेल्या वर्षीचं. तिथेच फोनवर नवं काढलंत, माल मिळाला. मराठी म्हणून ते न बघता माल दिला असता, तर उद्या अडचणीत तुम्हीही आला असता आणि मीही.

एका गोष्टीवर तुमच्याशी सहमत आहे. घरात लहान मुलं मटण खाणार असतील, तर शिशाऐवजी पूर्ण तांब्याची बुलेट बघायला हवी, हा तुमचा मुद्दा रास्त आहे. शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत मांसात पसरतात. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. तांब्याची घ्यायची तर वजनाने हलकी घ्या आणि वेग राखा, कारण वेग पडला की ती नीट फुलत नाही. अशा बुलेट महाग पडतात, हे आधीच सांगून ठेवतो.

उघडलेला बुलेटचा डबा आणि विकलेली पावडर मी परत घेत नाही. दुसरा डबा सीलबंद असेल, तर पावती घेऊन या. पैसे परत देईन किंवा फरक भरून तांब्याच्या बुलेट घेऊन जा. रायफल आणणार असाल तर रिकामी, बोल्ट उघडा ठेवून.

— दुकानमालक