ज्ञान होऊ न देता प्रदर्शन कसे पाहावे

शासनसंस्था कशा चालतात हे नागरिकांना समजावून देणारी प्रदर्शने जगात नवी नाहीत. ब्रुसेल्सला युरोपीय संसदेने २०११ साली असे एक कायमचे दालन उघडले असून तेथे प्रवेश फुकट आहे आणि माहिती २४ भाषांत मिळते. उद्या पणजीत असे एखादे प्रदर्शन भरले, तर आपण सहकुटुंब जाणार याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पैसे पडत नाहीत, आत थंडगार हवा असते, मुलांना पडद्यांवर मनसोक्त बोटे फिरवता येतात आणि बाहेर पडल्यावर मिरामारच्या किनाऱ्यावर जाता येते. अशा ठिकाणी धोका एकच असतो, तो म्हणजे आपल्याला काहीतरी समजण्याचा. आपल्या एवढ्याशा गोव्यात प्रत्येकाची कोणाशी ना कोणाशी ओळख असते, कामे त्या ओळखीनेच होतात, आणि ज्याला नियम ठाऊक असतो त्याच्याशी असलेली ओळख लोक हळूहळू विसरू लागतात. तेव्हा प्रदर्शन संपूर्ण पाहूनही मन पूर्वीइतकेच निष्पाप ठेवून घरी कसे परतावे, यासंबंधी काही सूचना करणे मला माझे कर्तव्य वाटते.

प्रवेशद्वाराशीच आपल्याला विचारतील की माहिती कोकणीतून हवी, मराठीतून की इंग्रजीतून. ही संधी दवडू नये. कोकणीला राजभाषा करणाऱ्या १९८७ च्या कायद्याचा विषय तेथल्या तेथे काढावा. या वादातले मुद्दे दोन्ही बाजूंना तोंडपाठ असल्यामुळे डोक्याला कसलाही ताण पडत नाही, अर्धा-पाऊण तास सहज निघून जातो आणि पहिली दोन दालने पाहायचीच राहून जातात.

विधानसभेचे दालन मात्र टाळता येणार नाही, कारण सर्वांत मोठा पडदा तेथेच असणार. त्यावर ४० दिवे असतील आणि त्यांतले २१ आपल्या रंगाचे केले की सरकार बनेल. हा खेळ मुलांना खुशाल खेळू द्यावा. तथापि २०१७ साली १७ जागा मिळवलेला पक्ष विरोधात आणि १३ जागा मिळवलेला पक्ष सत्तेत कसा बसला, असे एखाद्या चौकस पोराने विचारलेच, तर त्याला खाण्याचे आमिष दाखवून पुढच्या पडद्याकडे न्यावे. मंत्र्यांची संख्या सांगणारे बटण आपण स्वतः दाबावे, कारण ती माहिती सुखावणारी आहे. मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांहून मोठे नसावे असे संविधान म्हणते, आणि ४० चे १५ टक्के म्हणजे ६; पण लहान राज्यांची कणव येऊन त्याच कलमात किमान १२ ही संख्या राखून ठेवली आहे. त्यामुळे आपल्याकडे दर दहा आमदारांमागे तीन मंत्री होऊ शकतात, आणि जे उरतात त्यांच्यासाठी महामंडळे असतात.

खरी कसोटी लागते ती पक्षांतरबंदीच्या पडद्यापाशी. पक्ष बदलणाऱ्या आमदाराला अपात्र ठरवणारी संविधानाची दहावी अनुसूची १९८५ साली आली, २००३ साली तिच्यातली एक-तृतीयांश फुटीची मोकळीक काढून टाकण्यात आली आणि दोन-तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाची वाट तेवढी उघडी राहिली. हे तपशील ऐकून आपण उगाच विचारात पडाल, म्हणून या ठिकाणी सगळे लक्ष अपूर्णांकांवर ठेवावे, असे मी सुचवतो. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ आमदारांपैकी १० जण भाजपमध्ये गेले. १५ चे दोन-तृतीयांश बरोबर १० होतात. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच पक्षाच्या ११ पैकी ८ जणांनी तोच रस्ता धरला. ११ चे दोन-तृतीयांश म्हणजे सात पूर्णांक एक-तृतीयांश, आणि आमदाराचा एक-तृतीयांश भाग वेगळा काढून पाठवण्याची सोय अद्याप झालेली नसल्यामुळे ८. आपल्या लोकप्रतिनिधींचे गणित कच्चे आहे असे यापुढे कोणी म्हणू नये. त्या वर्षीच्या जानेवारीत काँग्रेसच्या उमेदवारांना पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा खुरीस (क्रूस) आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्षनिष्ठेची शपथ देण्यात आली होती, हे आपल्याला आठवत असेल. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत शपथांचे जे नमुने दिले आहेत त्यांत ही शपथ नाही, त्यामुळे प्रदर्शनात तिच्यासाठी बटण ठेवले नसेल तर आयोजकांना दोष देता येणार नाही. या पडद्यापाशी आणखी एक खबरदारी घ्यावी. आमदार अपात्र ठरतो की नाही याचा निवाडा सभापतींनी करायचा असतो आणि तो किती दिवसांत करायचा हे अनुसूचीत लिहिलेले नाही. तेव्हा बोट लावल्यावर ‘कृपया प्रतीक्षा करा’ अशी अक्षरे येऊन तशीच राहिली, तर यंत्र बिघडले असे समजून तेथील मदतनिसांना हाका मारू नयेत.

त्यानंतर ग्रामसभेचा देखावा लागेल. चार खुर्च्या, एक टेबल, पडद्यावर सरपंच आणि पंच, आणि आपल्यासाठी हात वर करण्याची जागा. येथे मात्र आपण पूर्ण मोकळीक घ्यावी. कचरा, पथदिवे, डोंगर कापून उभे राहणारे बंगले, जे जे मनात साचले असेल ते खणखणीत आवाजात विचारावे, कारण पडद्यावरचा सरपंच आपला नातेवाईक नसतो आणि पुढच्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, त्याच्या घरी जायचे नसते. गोव्यात ग्रामपंचायती १९१ आहेत आणि १९९४ च्या पंचायत राज कायद्याप्रमाणे गावच्या मतदारयादीतला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो, ही माहिती कानावर पडली तरी ती मनावर घेण्याचे कारण नाही. खरी ग्रामसभा बहुधा रविवारी सकाळी असते, आणि रविवारची सकाळ मासळी बाजारासाठी आहे हे कोणत्याही कायद्याहून जुने आहे.

याच दालनात नगरनियोजनाचे नकाशे मांडले असतील, तर तेथून पावले झपाझप उचलावीत. सामान्य माणसाला नकाशा वाचता येऊ लागला की काय अनर्थ होतो, हे आपण एकदा पाहिले आहे. कोणती जमीन कशासाठी वापरायची हे रंगांनी दाखवणाऱ्या ‘प्रादेशिक आराखडा २०११’ मधले रंग लोक गावोगाव एकमेकांना समजावून देऊ लागले, २००६ च्या अखेरीस पणजीच्या आझाद मैदानावर गर्दी जमली आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा रद्द करावा लागला. आता नगर आणि ग्रामनियोजन कायद्यात २०२४ साली घातलेल्या ३९-अ कलमाने एखाद्याच्या भूखंडाचा विभाग बदलता येतो आणि त्यावर हरकत घ्यायला लोकांना ३० दिवस मिळतात. हे ३० दिवस निर्वेधपणे सरले तर शेजारच्या शेताचा रंग गुपचूप बदलतो आणि कोणाशी वाईटपणा येत नाही. ज्यांना आपल्या गावाचा सर्व्हे क्रमांक नकाशावर शोधण्याची खोड आहे, त्यांनी आपला चष्मा घरी विसरून येणे उत्तम.

न्यायसंस्थेच्या दालनात बसायला बाके असतात. तेथे पाय मोकळे करावेत. माहितीच्या अधिकाराच्या पडद्याविषयी मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. गोव्याने हा कायदा केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधी, १९९७ सालीच केला होता, याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. अभिमान बाळगला की अर्ज करण्याची गरज राहत नाही. पडद्यावरच्या अर्जाला तीन सेकंदांत उत्तर येते. खिडकीवर १० रुपये भरून केलेल्या अर्जाला कायद्याने ३० दिवसांची मुदत असते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे चौथ्या दिवशी वाड्यावरच्या कोणाचा तरी फोन येतो की, बाबा, तुला हे कशाला हवे होते, आधी मला नाही का विचारायचे.

शेवटी अभिप्रायाची वही असेल. तीत ‘अत्यंत माहितीपूर्ण’ असे लिहून सही करावी आणि कमानीखाली सर्वांचे छायाचित्र काढून घ्यावे. आपल्या मुंडकारीचे, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवरच्या घराच्या हक्काचे, प्रकरण मामलेदार कचेरीत वडिलांच्या काळापासून पडून असेल, तर १९७५ च्या कायद्यात काय लिहिले आहे हे तेथे कोणालाही विचारत बसू नये. सोमवारी आमदारांच्या घरी जावे, मात्र सकाळी आठच्या आत पोहोचावे. नंतर रांग फाटकाबाहेर जाते आणि उन्हात उभे राहावे लागते.