गुडघा किंचित वाकवावा

एखाद्या फॅशन मासिकाचे कलादिग्दर्शन आपल्याकडे आले असेल, तर आधी अभिनंदन आणि लगेच पहिली सूचना: स्त्रीला दोन्ही पायांवर सरळ उभी करू नका. सरळ उभी राहिलेली स्त्री बसची वाट पाहत असल्यासारखी दिसते, आणि बसने जाणारी स्त्री आपल्या जाहिरातदारांचे गिऱ्हाईक नव्हे. एक गुडघा किंचित वाकवावा, मान कलती ठेवावी, नजर चौकटीबाहेर असावी, जणू गॅस बंद केला की नाही हे तिला आत्ताच आठवले आहे. ओठ एवढेच विलग असावेत की ती काही बोलणार असे वाटावे, पण बोलण्याची वेळ येऊ नये. हातांचे प्रकरण अधिक नाजूक आहे. तिने पर्स धरायची नसते, बोटांच्या टोकांनी नुसती चाचपायची असते. पुरुषाने मात्र जे धरायचे ते घट्ट धरावे, मग ते मोटारीचे चाक असो वा शेजारणीची कंबर. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात ढीगभर जाहिराती गोळा करून नेमक्या याच लकबी टिपल्या होत्या. त्यांचा हेतू चिकित्सेचा होता. आपण ते पाठ्यपुस्तक समजावे, बाकीचे तसेच समजत आले आहेत.

स्त्रीला पुरुषी सूट घालायला हरकत नाही. १९७५ साली छायाचित्रकार हेल्मुट न्यूटन यांनी फ्रेंच व्होग या फॅशन मासिकासाठी पॅरिसच्या एका अरुंद गल्लीत रात्री इव्ह साँ लोराँ या डिझायनरचा बायकांसाठीचा ‘ल स्मोकिंग’ सूट टिपला. केस चापून बसवलेले, हातात सिगारेट, आजूबाजूला चिटपाखरू नाही. बाई कुणाचीही वाट पाहत नाही. एवढा स्वयंपूर्णपणा वाचकाला झेपणार नाही अशी धास्ती वाटली, तर तोडगाही न्यूटन यांच्याकडेच आहे: तिथल्याच दुसऱ्या एका छायाचित्रात तिच्याशेजारी एक विवस्त्र स्त्री उभी आहे. एकीने पुरुषाची जागा घेतली की बाईची जागा रिकामी पडते, आणि ती ताबडतोब भरावी लागते.

नग्नतेचा मोह झालाच, तर वकिलाचा खर्च आधीच धरून ठेवावा. १९९५मध्ये मिलिंद सोमण आणि मधु सप्रे ही दोन मराठी माणसे टफ बुटांच्या जाहिरातीत अंगावर बूट आणि अजगर एवढेच लेवून उभी राहिली. अश्लीलतेचा खटला चौदा वर्षे चालला आणि २००९मध्ये सगळे निर्दोष सुटले. अजगराच्या वतीनेही वन्यजीव कायद्याखाली तक्रार झाली होती. बुटांविषयी कुणाचीच तक्रार नव्हती, हे जाहिरातदारास आवर्जून सांगावे.

हल्ली लिंगभावाची तरलता दाखवण्याची मागणी असते. तिला घाबरू नये; ‘आवाज’च्या दिवाळी अंकातील खिडकीचित्रे आठवावीत. वरून चावट काहीतरी दिसते, खिडकी उघडली की आत सगळे सोज्ज्वळ निघते. अमेरिकन व्होगने ऑगस्ट २०१७च्या अंकात हेच साधले. मुखपृष्ठावर मॉडेल जीजी हदीद आणि गायक झेन मलिक, विषय लिंगभावाच्या सीमा ओलांडणारी नवी पिढी, आणि आत उघडून पाहावे तर एकमेकांचे कपडे घालणारे प्रियकर-प्रेयसी. पुढे मासिकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली, पण तोवर अंक बाजारात गेलेला असतो. डिसेंबर २०२०मध्ये त्याच मासिकाच्या मुखपृष्ठावर गायक हॅरी स्टाइल्स झालरींचा झगा घालून एकटा झळकला, तेव्हा पुरुषत्व बुडाल्याची हाकाटी झाली. आपण ती मनावर घेऊ नये. आपल्या पणज्यांनी लुगडे कसे नेसावे आणि गजरा कसा माळावा हे बालगंधर्वांकडे पाहून उचलले होते, आणि त्यामुळे कुणाचा संसार बुडाल्याचे ऐकिवात नाही.

समलिंगी जोडपी जून महिन्यात, म्हणजे ‘प्राइड’च्या महिन्यात घ्यावीत. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७चा अडसर काढला, तेव्हापासून याला धैर्य लागत नाही, इंद्रधनुष्य लागते. दोन स्त्रिया असतील तर एकाच पलंगावर, एकीचे कपाळ दुसरीच्या खांद्यावर, आणि मथळ्यात ‘मैत्री’ हा शब्द. हे चित्र त्या दोघींसाठी नसतेच, ते पाहणारा निराळा असतो. दोन पुरुष असतील तर त्यांच्यामध्ये एक भक्कम खुर्ची ठेवावी. ते दोघे एकमेकांकडे पाहू लागले तर छायाचित्रकाराने चहा मागवावा.

अखेरीस पाठीची बाजू तपासावी. छायाचित्रासाठी आलेला नमुन्याचा ड्रेस कुणालाच मापाचा बसत नाही. समोरून तो अंगाबरोबर शिवल्यासारखा दिसतो, कारण मागे मानेपासून कमरेपर्यंत क्लिपांची रांग लावलेली असते, आणि पुरुषाच्या कोटाची गतही तीच असते. म्हणून मॉडेलला वळू देऊ नये, श्वास बेताने घ्यायला सांगावा, आणि गुडघा वाकलेलाच राहील याकडे एखाद्या साहाय्यकाला लक्ष ठेवायला लावावे.