देवी नव्हे, पत्ते कुटणारी पर्लीन

मातीची एक बाई, पोट सुटलेलं, पावलं जाडजूड. फोटोखाली ठरलेला मजकूर: ‘अमेरिकेतल्या प्वेब्लो आदिवासींची प्राचीन मातृदेवता, सुफलनाचं प्रतीक. हल्लीच्या मानवी आकृत्या पर्यटकांसाठी. त्यांची अस्सल कला म्हणजे भांडी.’ हे फॉरवर्ड मला आतापर्यंत तिघांकडून आलंय. एकेक शब्द घेऊ.

‘प्राचीन.’ अशा बायका घडवणारी रॉक्सॅन स्वेंट्झेल न्यू मेक्सिकोतल्या सांता क्लारा या प्वेब्लो गावची, जन्म १९६२चा. म्हणजे आपल्या एखाद्या मावशीच्या वयाची.

‘मातृदेवता.’ बाईचं पोट दिसलं की आपण लगेच हळदकुंकू काढतो! रॉक्सॅनला लहानपणी नीट बोलता येत नसे. शाळेत जीव रमत नाही हे आईला सांगायला तिने मातीची रडणारी मुलगी केली होती. पुढेही तिची माती हेच करत राहिली: आत काय चाललंय ते अंगातून, चेहऱ्यातून बोलायचं. तिच्या बायका स्वतःकडे बघतात, अवघडतात, विचारात पडतात. पूजेला बसलेल्या नसतात. मातृत्व तिच्याकडे नाही असं नाही. डेन्व्हर आर्ट म्युझियममधल्या तिच्या २०११च्या भल्यामोठ्या शिल्पात आईच्या कुशीत लेकरू, त्याच्या कुशीत आणखी धाकटं, अशी उतरंड आहे. पण एका शिल्पावरून सगळ्यांना शेंदूर फासायचा?

आणि तिची मावशी नोरा नरान्हो-मोर्स तर याहून खट्याळ. तिने ‘पर्लीन’ नावाची एक प्वेब्लो बाई मातीत जन्माला घातली. १९८७च्या शिल्पात ही पर्लीन भावंडांना पोकर शिकवतेय. प्वेब्लो बाई कशी असावी याचं बाहेरच्यांनी रंगवलेलं सोज्वळ चित्र तिथे पत्त्यांसारखं पिसून निघतं. हिला कुठल्या देव्हाऱ्यात बसवणार?

‘पर्यटकांसाठी.’ यात अर्धं खरं आहे. कोचिती या दुसऱ्या प्वेब्लो गावच्या हेलन कॉर्डेरोने १९६४मध्ये गोष्ट सांगणारा आजोबा घडवला, अंगाखांद्यावर पोरं, डोळे मिटलेले, तोंड उघडं. तो तिचाच आजोबा, सांतियागो किंताना. एका संग्राहकाने मागितला, मग बाजाराने उचलून धरला, आणि नकला सुरू झाल्या. पण बाजारात विकलं गेलं म्हणून आजोबा खोटा ठरत नाही. शिवाय कोचितीत एकोणिसाव्या शतकातच बाहेरून आलेल्या लोकांची टिंगल करणाऱ्या मातीच्या आकृत्या होत होत्या. ज्याची टर उडवली, तोच गिऱ्हाईक!

राहिली ‘भांडी’. रॉक्सॅनच्या आकृत्या भरीव नसतात. भांड्यासारख्याच मातीच्या वळ्या एकीवर एक रचून, बोटांनी सांधत, आतून पोकळ वर चढवलेल्या असतात. बाहेरून बघणाऱ्याला बाई दिसते. तिची भिंत मात्र रांजणाचीच.

फॉरवर्ड करायचंच असेल तर निदान ‘प्राचीन’ खोडा, आणि फोटोखाली करणारणीचं नाव लिहा.